रुमालवाला बडग्या

आमच्या ह्यांना 'गटार' हा शब्द चालत नसे. घरात चुकून कोणाच्या तोंडून निघाला की कपाळाला आठी पडायची. "सांडपाणी म्हणावं," असं सांगायचे. जणू शब्द बदलला की वास बदलतो! हे सरकारी इंजिनिअर होते. मध्य प्रांताच्या सरकारनं त्यांना नागपूरच्या नगरपालिकेच्या सांडपाण्यावर देखरेख करायला नेमलं होतं. शहरातल्या नाल्या वाहतात की तुंबतात, नाग नदीला कुठे जाऊन मिळतात, विहिरींना त्यांचा उपद्रव होतो की नाही, हे सगळं बघणं त्यांचं काम. पण कोणी विचारलं तर हे "पब्लिक हेल्थमध्ये आहे" एवढंच म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं डॉक्टर आहेत. हे त्याला तसं वाटू द्यायचे.

आमचं बिऱ्हाड इतवारीच्या रस्त्यावर होतं, पहिल्या मजल्यावर, समोर लाकडी सज्जा. सिव्हिल लाइन्सचा बंगला लवकरच मिळणार होता. माझं लग्न झालं तेव्हापासून तो लवकरच मिळणार होता.

कामावर निघताना ह्यांना तीन गोष्टी लागायच्या. डोक्यावर सोला हॅट, अंगात कोट आणि खिशात रुमाल. रुमालावर खसाच्या अत्तराचा थेंब मीच टाकून द्यायची. रुमालाच्या कोपऱ्यात मी हिरवा पोपट भरलेला असायचा, कारण माहेरी मी भरतकामात शिकले होते तो पोपटच. नाली दिसली की रुमाल नाकावर जायचा. तो घरी येईपर्यंत खाली उतरत नसे. ऑफिसातले लोक पाठीमागे हसायचे. गटाराच्या साहेबाला गटाराचा वास सोसत नाही म्हणजे आचाऱ्याला फोडणीचा ठसका सोसत नाही तशातली गत.

मी मात्र हसत नसे, कारण मला त्याचं मूळ ठाऊक होतं. हे कुणब्याच्या घरचे. गाव खैरी, नाग नदीच्या काठी, शहराच्या खालच्या अंगाला. सगळ्या नागपूरची घाण घेऊन नदी त्यांच्या शेताजवळून वाहायची. मामाजी, म्हणजे माझे सासरे महादेवराव, तेच पाणी मोटेनं वांग्यांना द्यायचे. वांगी अशी तुकतुकीत यायची की बाजारात हातोहात खपत. त्या वांग्यांवर हे शिकले. पण शहरातल्या शाळेत हे वर्गात आले की पोरं नाक धरायची. "नाल्याचा भोपळा आला," म्हणायची. ह्यांच्या अंगाला तेव्हा खरंच वास येत होता की नाही कोण जाणे, पण तो ह्यांच्या मनातून गेला नाही. मोठेपणी नशिबानं पुन्हा नाल्याच पदरात टाकल्या. मग ह्यांनी रुमाल काढला. ह्याची मला दया यायची. पुढे मात्र रागच जास्त आला.

आमच्याकडे भांडी घासायला प्रयागबाई यायची. आमच्या मागच्या कोष्टी वस्तीतली. तिचा मुलगा नत्थू मागावर लुगडी विणायचा. कधी प्रयागबाईचे गुडघे धरले की तिची सून कौशल्या यायची. सासू-सून दोघींचा हात असा की राख आणि चिंचेचा कोळ लावून घासलेलं माझं पितळ उन्हात ठेवलं तर डोळे दिपायचे. एकदा ह्यांच्या एका रुमालाला इस्त्रीचा डाग पडला. हे तो टाकून द्या म्हणाले. मी तो पोपटासकट कौशल्याला दिला. तिला पोपट फार आवडला होता.

आषाढात प्रयागबाई मला म्हणाली, "बाई, साहेबायले सांगा न जरा. आमच्या गल्लीतली नाली फुगून राहिली. विहिरीच्या पायरीले लागली. पानी प्याव का नाही, समजत नाही."

मी सांगितलं. हे गेले. गेले म्हणजे वस्तीच्या तोंडाशी छोटा पूल आहे, त्यावर जाऊन उभे राहिले. गल्लीत चिखल होता, पायात नवे बूट होते. हे तिथूनच बघत होते, नाकावर रुमाल. सगळी वस्ती गोळा झाली. सरकारचा साहेब दारी आला म्हणून कौशल्या आतून लोटाभर पाणी घेऊन आली आणि डोक्यावरचा पदर सावरत पुलापर्यंत चिखलातून गेली. आमच्याकडे वैरी जरी दारात आला तरी आधी पाणी देतात. ह्यांनी लोटा हातात घेतला, तोंडाजवळ नेला, आणि तोंड वाकडं करून तसाच परत केला. नत्थूनं विचारलं, "साहेब, विहिरीचं पानी प्याव का मंग?" हे म्हणाले, "प्या. काही हरकत नाही. नालीत चुना टाकायला सांगतो." आणि टांग्यात बसले.

घरी आल्यावर ह्यांनी कार्बोलिक साबणानं हात धुतले. "त्या लोट्याला काय वास येत होता!" म्हणाले. "ह्या लोकांना स्वच्छता म्हणून कशाशी खातात ते माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी प्रयागबाईनं तीच गोष्ट आपल्या बाजूनं सांगितली. तिच्या आवाजात राग कमी आणि लाज जास्त होती. "कुनबी लोकं आमच्या हातचं पानी पेतात जी, आतापावतर कोनी नाही नाही म्हटलं. चार लोकायसमोर लोटा वापस आला. पोरगी लय लाजली बाप्पा. मंग तिनंच पिऊन टाकलं ते पानी. साहेबासाठी काढलं होतं, फेकाव कायले म्हने."

 मी तिला चहा दिला.

चुना पडला. पांढरी नाली दोन दिवस छान दिसली. मग पावसानं धुऊन गेली.

श्रावणात वस्तीत हैजा लागला, पटकीची साथच. दोन म्हातारे गेले, आणि कौशल्या गेली. सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, दिवेलागणीला आटोपलं. ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "दरसाल पावसाळ्यात येतोच हैजा." खोटं नव्हतं ते. 

सुतक फिटल्यावर प्रयागबाई पुन्हा कामावर येऊ लागली. खाली मान घालून भांडी घासायची आणि जायची. वस्ती त्याच विहिरीचं पाणी पीत होती. साहेबानं 'प्या' म्हटलं होतं ना.

मग पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. ज्यानं बघितली नाही त्याला सांगते. मारबत म्हणजे कागदाची, बांबूची मोठी पुतळी. तिची मिरवणूक काढायची, वर्षभराची रोगराई, इडापिडा तिच्यावर ओवाळून टाकायची आणि शेवटी वेशीबाहेर नेऊन तिला जाळायचं. तिच्यामागे बडगे निघतात. बडग्या म्हणजे पुरुषाचा पुतळा. ज्यानं वर्षभर लोकांना छळलं त्याचा बडग्या करतात, मग तो सावकार असो की शिपाई असो. त्या दिवशी कोणी कोणावर रागवायचं नाही, अशी रीत आहे. पण ज्याचा बडग्या निघतो त्याला पुढे वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही, हीही रीतच.

मामाजींना मारबतीचं भारी वेड. पोळ्याला आपले बैल सजवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच छकडा जुंपून आमच्याकडे हजर व्हायचे. त्याही वर्षी आले, सोबत वांग्यांचं पोतं. प्रयागबाई सकाळीच भांडी घासून घरी गेली होती. तिच्या घरी ह्या वर्षी सण नव्हता. हे सज्ज्याच्या कोपऱ्यात उभे होते. खाली ही गर्दी, घामाचा, गुलालाचा, शेणाचा वास, तेव्हा रुमाल नाकावर होताच.

मारबत आली. "इडा, पिडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत!" मामाजी सज्ज्यावर हात आपटून ओरडत होते. सत्तरीचा माणूस, पण त्या दिवशी लहान पोर व्हायचा. मीही हसत होते. एक बडग्या गेला, दुसरा गेला. मग बैलगाडीवर तिसरा आला.

डोक्यावर सोला हॅट. अंगात कागदाचा कोट. पायात खरे बूट, कुठून तरी आणलेले, फाटके. एक हात नाकावर, त्यात रुमाल. दुसऱ्या हातात पितळी लोटा, लांब धरलेला. गळ्यात झाडूची माळ. कोष्टी वस्तीची सगळी माणसं भोवती. ती ओरडत होती, "आमचं पानी न पेनारा साहेब घेऊन जा गे मारबत!"

"घेऊन जा गे मारबत!" मामाजी ओरडले. एकदा नाही, तीनदा. खोखो हसले. "कोन हाय वं हा साहेब, सूनबाई? नाक तं पाहा त्याचं!"

 माझे डोळे रुमालावर होते. त्याच्या कोपऱ्यात हिरवा पोपट होता आणि शेजारी इस्त्रीचा डाग. गाडीच्या पुढे नत्थू चालत होता. तो नाचत नव्हता, ओरडतही नव्हता. नुसता बांबू धरून चालत होता.

"रुमालावर काय हाय ते?" मामाजींनी डोळे बारीक केले. "पाखरू हाय का?"

"पोपट," मी म्हणाले.

मामाजी हसता हसता मुलाकडे वळले. हे तसेच उभे होते, रुमाल नाकावर. त्याच्या कोपऱ्यात पोपट. खालून कोणीतरी वर बघितलं आणि बोट दाखवलं, मग सगळ्यांनी वर बघितलं. आरडाओरडा एकदम थांबला.  ह्यांनी रुमाल खाली घेतला, पण तो ठेवायचा कुठे ते ह्यांना कळेना. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बडग्या पुढे गेला.

मामाजी आत येऊन जमिनीवरच बसले.  मग म्हणाले, "मी बी ओरडलो गा, किस्ना. माया तोंडानं ओरडलो."

"बाबा, अडाणी लोक आहेत. त्यांच्यासाठी कितीही करा—"

"कोनाचं पानी नाही पेला तू?"

"मागच्या वस्तीतलं. कामाला गेलो होतो."

"काहून नाही पेला? कोष्ट्याच्या घरचं पानी मी पेलो, माया बाप पेला. तू कोन लागून गेला?"

"जातीचं नाही हो बाबा ते. लोट्याला वास येत होता. घाण वास. तो तोंडाला कसा लावू?"

इतकं झालं आणि माझं डोकं फिरलं. कौशल्या डोळ्यांसमोर आली, माझं पितळ उन्हात मांडणारी. मी उठले. स्वयंपाकघरातून लोटा आणला. सकाळीच प्रयागबाईनं घासलेला. ह्यांच्यासमोर आपटला.

"घ्या," मी म्हणाले, "वास घ्या ह्याचा."

"शामला, हे काय—"

"घ्या म्हणते ना! हा त्याच घरातल्या हातानं घासलाय. इतकी वर्षं तुम्ही ह्यातच पाणी पिता. येतो का वास? जी बाई लोकांची भांडी अशी घासते, ती आपल्या घरचा लोटा घाण ठेवेल? तोही साहेबासमोर न्यायचा?"

नवऱ्याशी मी असं कधी बोलले नव्हते, तेही सासऱ्यांसमोर. पण मामाजी मला थांबवत नव्हते.

ह्यांनी लोटा उचलला. नाकाशी नेला. मग तो हातातच राहिला. ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला. माणूस मूर्ख नव्हता हो. शिकलेला होता, त्याच कामाचा पगार घेत होता. फक्त नाक वर करून उभा होता, म्हणून त्याला खालचं दिसलं नव्हतं.

"पाण्याचा होता," हे हळूच म्हणाले. "वास पाण्याचा होता. नाली विहिरीत उतरते आहे." मग माझ्याकडे बघितलं. "मी त्यांना प्या म्हटलं."

"आजबी पेऊनच राहिले असतील," मामाजी म्हणाले.

हे तसेच जिना उतरले. डोक्यावर हॅट नाही, हातात रुमाल नाही. मागून मामाजी, त्यांच्यामागे मी. वस्तीत सून म्हणून माझं काय काम, असं मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

वस्ती रिकामी होती. सगळे मारबतीमागे गेले होते. प्रयागबाई एकटी दारात बसली होती. आम्हाला बघून उठली. बडग्या काढल्याबद्दल जाब विचारायला आलो असं तिला वाटलं. घाबरून हात जोडले. "पोरानं केलं जी ते. दुखात केलं. माफी द्या."

माफी तिनं मागावी! 

"प्रयागबाई," हे म्हणाले, "विहिरीचं पाणी कोणी काढू नका. आणि तुमच्याकडे सुताला लावायचा रंग आहे का? लाल?"

तिला काही समजलं नाही, पण आत गेली आणि विलायती किरमिजी रंगाची पुडी घेऊन आली. तिच्याच बादलीत ह्यांनी तो नालीच्या पाण्यात कालवला. मग कोट काढून माझ्याकडे दिला, धोतराचा काचा मारला आणि पुलावरून नाही, गल्लीतून, चिखलातून चालत विहिरीपाशी गेले. विहीर आणि नाली ह्यांच्यामध्ये हातभर जागा होती, बस. हे नालीत उतरले. गुडघाभर. हातांनी गाळ उपसून बाजूला केला. मामाजींनीही पागोटं काढून ठेवलं आणि मागून उतरले. बापलेकांनी मिळून पोत्यांत चिखल भरून खालच्या बाजूला नाली अडवली आणि साठलेल्या पाण्यात रंग ओतला. नालीचं पाणी लालभडक झालं.

"आता?" मामाजींनी विचारलं.

"आता वाट बघायची. विहिरीचं पाणी बदललं नाही तर मी चुकलो."

मी देवाजवळ मागितलं, हे चुकू देत. मग वाटलं, हे चुकले नाहीत तर कौशल्या कशानं गेली ते नक्की होईल, आणि चुकले तर ह्या लोकांना पुन्हा तेच पाणी प्यावं लागेल. काय मागावं तेच कळेनासं झालं. प्रयागबाई विहिरीच्या काठावर बसून राहिली. ह्यांच्या अंगावरचा चिखल वाळत आला होता. वास येत होता, खूप येत होता. हे नाकाला हात लावत नव्हते.

उन्हं कलली आणि माणसं परतली. बडग्या जाळून आलेली, घसे बसलेले, गुलालानं माखलेली. सकाळपासून ओरडून ओरडून तहानलेली. बाया सरळ घागरी घेऊन विहिरीकडे निघाल्या, आणि थबकल्या. ज्याला आत्ताच जाळून आलो तो साहेब विहिरीच्या आडवा उभा, गुडघ्यांपर्यंत चिखलानं माखलेला, बाजूला त्याचा म्हातारा बाप.

"बाजूला व्हा, साहेब," नत्थू म्हणाला. "लोकायले तहान लागली."

"पाणी काढू नका," हे म्हणाले.

"आता पानीबी काढू देत नाही का?" मागून कोणीतरी ओरडलं. गलका झाला. एकानं ह्यांच्या दंडाला धरलं. हे हलले नाहीत. मामाजींनी हात वर केला. "अरे, आइका बाप्पा. ह्यानं पाप केलं. मी ह्याचा बाप हाओ, मीच सांगतो. पन आज आइका ह्याचं."

ह्यांनी नत्थूच्या हातात दोर दिला. "तूच काढ. एकच बादली काढ. आणि सगळ्यांना दाखव."

नत्थूनं बादली सोडली. भरली. वर ओढली आणि काठावर ठेवली. सगळे वाकले. मीही वाकले. पाणी गुलाबी झालं होतं. फार नाही, लुगड्याचा कच्चा रंग पहिल्या धुण्याला सुटतो तेवढंच. पण गुलाबी होतं. कोष्ट्यांना रंग ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही.

"हा तं आपला रंग हाय," एक बाई म्हणाली.

"हा रंग मी नालीत टाकला होता," हे म्हणाले.  "तो विहिरीत आला. म्हणजे नालीतलं सगळंच विहिरीत येतं. पावसाळा लागल्यापासून येत असेल. तुम्ही ते पीत होता." थोडं थांबून म्हणाले, "मी प्या म्हटलं होतं."

एका म्हाताऱ्यानं घागर पालथी घातली. दुसरं कोणी काही केलं नाही. मला वाटलं आता हे लोक ह्यांना मारतील, आणि मारलं तर मी आड येणार नाही असंही वाटून गेलं. नवऱ्याबद्दल असं मनात येणं बरं नाही, पण आलं खरं.

कोणी मारलं नाही. हे सांगत राहिले, ही विहीर आजच बंद करायची, उद्यापासून नगरपालिकेची पाण्याची गाडी वस्तीत उभी करवीन, नाली इथून हलवीन, स्वतः उभा राहून हलवीन. नंतर त्यातलं सगळं ह्यांनी केलंही. पण त्या वेळी ते कोणी ऐकत नव्हतं. लोक त्या बादलीकडे बघत होते.

प्रयागबाई उठली. गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत ह्यांच्यासमोर आली.

"साहेब," तिनं विचारलं, "त्या दिवशी तुमाले मालूम होतं?"

हे खोटं बोलू शकले असते. नव्हतं, असं म्हणता आलं असतं, आणि ते अर्धं खरंही होतं. पण ह्यांच्या तोंडून खैरीची बोली बाहेर पडली. लग्न झाल्यापासून मी ती ह्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

"वास आला होता मले," हे म्हणाले. "पान्याचा हाय असं नाही वाटलं. मले वाटलं, लोट्याचा हाय."

प्रयागबाई ह्यांच्याकडे बघत राहिली. रागावेल, छाती बडवून घेईल, असं वाटत होतं. तसं काही नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं. एवढा शिकलेला माणूस असं कसं समजला, ह्याचं.

"नाही जी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, मला माहीत आहे म्हणून मी साक्ष द्यावी अशी. "बाई, तुमी तरी सांगा न ह्यायले. लोटा तं कौशल्यानं दोनदा घासला होता. साहेब येनार म्हनून."